दोराला एक झटका

त्या धरणावर बेडूक पाण्यात उतरायचा आणि दाजी वर दोर धरून बसायचा. बेडूक म्हणजे दाजीच्या बायकोचा धाकटा भाऊ. मेहुणा एकच, पण त्याच्या तोंडचं ऐकून ऐकून साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळेच त्याला दाजी म्हणायला लागले होते. बायको म्हणायची, "माझ्या नवऱ्याला जगभर मेहुणे आहेत, आहेर मात्र एकाचाही येत नाही."

काम असं होतं. धरणाच्या भिंतीला लागून पाण्यात एक उंच मनोरा होता. वीजघराच्या चार यंत्रांना लागणारं पाणी त्या मनोऱ्याच्या पोटातून आत जायचं. आत शिरायच्या तोंडाशी लोखंडी गजांची मोठी जाळी होती, लाकूडफाटा यंत्रात जाऊ नये म्हणून. त्या वर्षी जाळी तुंबली. जलपर्णीचे लगदे, मुळांसकट वाहून आलेली झाडं, कुणाचं तरी अख्खं दार, सगळं तिथे येऊन बसलं. दोन यंत्रं बंद ठेवावी लागली. कालव्याला सुटणारं पाणीही यंत्रांतूनच पुढे जायचं, त्यामुळे खालच्या गावांना पाणी सोडायची तारीख तोंडावर आली तशी धरणाच्या साहेबाची झोप उडाली.

बेडूक बावीस मीटर खाली जाऊन लोखंडी पहारीने लाकडं मोकळी करायचा आणि साखळीला अडकवायचा. वरची यारी, म्हणजे क्रेन, ती ओढून घ्यायची. हवेची नळी तराफ्यावरच्या कॉम्प्रेसरमधून त्याच्या मुखवट्यात जायची. कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्याला सगळे हवावाला म्हणत. तो दिवसभर दाबाच्या काट्याकडे बघत बसायचा आणि क्वचितच बोलायचा. मुखवट्यातला फोन पहिल्याच दिवशी बिघडला होता. नवीन यायला आठवडा लागणार होता आणि आठवडाभर थांबायची कुणाची तयारी नव्हती. मग दोरावर काम चालू झालं, जुन्या पद्धतीने.

दोराची भाषा साधी असते. वरच्याने एक झटका दिला की प्रश्न: ठीक आहेस का? खालून एक आला की उत्तर: ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोडा. तीन म्हणजे वर घ्या. चार आणि पुढे न थांबता म्हणजे जिवावर बेतलंय. वरच्याने दर दोन मिनिटांनी विचारायचं. दाजी स्वतः पंधरा वर्षं पाण्यात उतरलेला माणूस. चार वर्षांपूर्वी उजव्या कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी पाणी बंद केलं, तेव्हापासून तो दोरावर बसला. कुणाचा झटका कसा, हे त्याला माणसाच्या चालीसारखं ओळखू यायचं. बेडकाचा झटका आळशी. विचारल्यावर बराच वेळ काही नाही, मग जांभई दिल्यासारखी एक लांबट ओढ. दाजी त्याला त्यावरून शिव्या द्यायचा. बेडूक म्हणायचा, "दाजी, मी खाली काम करू की तुमच्याशी गप्पा मारू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिघं तराफ्यावर जेवायला बसले होते. बेडकाने डबा उघडून उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. त्याच्या कमरेचा, झटक्यांचा, जिवाचा दोर सोडून बाजूला गुंडाळून ठेवला होता. पाण्यात होता तो फक्त उतरायचा दोर. त्याच्या खालच्या टोकाला दहा किलोचं शिसं बांधलेलं असतं आणि पाणबुड्या तो धरून सरळ खाली जातो. दाजीचा डावा हात सहज त्या दोरावर होता. दोराला एक झटका आला.

दाजीने एक झटका परत दिला. सवयच ती. डोळ्यांत काही गेलं की पापणी मिटते, तसं.

मग त्याचं लक्ष समोर गेलं. बेडूक अंड्याला मीठ लावत होता.

दाजीने घास तोंडातच धरून ठेवला. वारा नव्हता. तराफा हलत नव्हता. दोर हातात होता तसाच, सरळ, गार. त्याने हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

"काय झालं?" बेडकाने विचारलं.

"काही नाही. माशीबिशी असेल."

बोलून झाल्यावर त्यालाच वाटलं, माशीचा आणि दोराचा काय संबंध. पण बेडूक अंड्यात गुंग होता.

संध्याकाळी सामान आवरून मनोऱ्याच्या शिडीवरून वर येताना दाजीला गेजवाल्या बाई भेटल्या. धरणातल्या पाण्याची पातळी मोजून वहीत लिहायचं त्यांचं काम. भिंतीवरची पट्टी मनोऱ्याच्या सावलीत नीट दिसत नसे, म्हणून त्या गॅलरीतून वजन लावलेली मोजफीत खाली सोडायच्या. पन्नाशीच्या, कमरेला चष्म्याची डबी खोचलेल्या आणि बोलायला फटकळ. दाजी कठड्याला टेकून म्हणाला, "बाई, इथे खाली प्रवाह कसा आहे हो? यंत्र बंद असताना?"

"यंत्र बंद असताना कसला प्रवाह? डबकं आहे." त्यांनी फीत गुंडाळता गुंडाळता त्याच्याकडे बघितलं. "दोर ओढला का?"

दाजीने हात परत पँटला पुसला.

"माझी फीत धरून ठेवतं कधी कधी," बाई म्हणाल्या. पेन चालत नाही असं सांगावं तशा आवाजात. "ओढत नाही. नुसतं धरतं. मी गप्प उभी राहते. मिनिटभराने सोडतं. मग मी आकडा लिहिते आणि जाते."

"साहेबांना सांगितलं नाहीत?"

"सांगून? मला टेबलावर बसवतील आणि इथे दुसऱ्या कुणाला तरी उभं करतील. तो घाबरून ओढाओढ करेल." त्यांनी फीत पिशवीत टाकली. "मी अकरा वर्षांत एकदाही ओढलं नाही. तुम्ही काही उत्तर नाही ना दिलंत?"

दाजी म्हणाला, नाही. खोटं बोलताना त्याची नजर पाण्याकडे गेली, आणि बाईंनी ती बघितली.

त्याने बेडकाला काही सांगितलं नाही. खाली उतरणाऱ्याच्या डोक्यात असलं काही घालायचं नसतं, तिथला अंधार आधीच पुरेसा असतो. आणि झालं तरी काय होतं, एक झटका. तिसरा दिवस नीट गेला. बेडकाने चार लाकडं काढली, आळशी उत्तरं दिली, वर येऊन दोन माणसांचं जेवण केलं.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला तो उतरला. ऊन स्वच्छ होतं. तळाशी पोचल्याचा झटका आला, मग 'दोर सोडा'चे दोन आले. दाजीने दोर सोडला. पहिल्या दोन मिनिटांनी विचारलं, उत्तर आलं. पुढच्या दोन मिनिटांनी विचारलं, उत्तर आलं. हवेचे बुडबुडे नेहमीसारखे वर येऊन फुटत होते. हवावाल्याने काट्याकडे बघत मान हलवली, म्हणजे सगळं ठीक.

दहा मिनिटं अशी गेली आणि दाजीला जाणवलं की त्याला बरं वाटतंय. उत्तर विचारल्याबरोबर येत होतं. आखूड, नेटकं, एकाच जोराचं. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणावं तसं. त्याच्या मनात आलं, आज मेहुणा सुधारला. मग मनात आलं, चार वर्षांत न सुधारलेला माणूस आज दहा मिनिटांत कसा सुधारेल? पण सगळं ठीक असल्याची खूण मिळत असताना माणसाने तक्रार तरी काय करायची?

बाराव्या मिनिटाला त्याने विचारायला दोर चिमटीत घेतला, आणि त्याने विचारायच्या आधीच उत्तर आलं. एक झटका. ठीक आहे.

त्याने तीन झटके दिले: वर ये. पाणबुड्याने अशा वेळी तीन परत द्यायचे असतात. खालून एक आला. त्याने परत तीन दिले. एक. त्याने दोन दिले, त्याला त्या क्षणी काहीच अर्थ नव्हता. एक. ठीक आहे. त्याने काहीही विचारलं तरी खालून तेच उत्तर येत होतं, तितकंच नेटकं.

त्याने दोन्ही हातांनी दोर ओढला. तो दगडात रुतल्यासारखा जागचा हलला नाही.

"अडकलाय," तो हवावाल्याला म्हणाला. "दुसरी नळी जोड."

"दाजी, तुमचा कान..."

"जोड म्हटलं ना."

दुसरा पाणबुडा नव्हता. असायला हवा होता, पण नव्हता. हवावाल्याला कॉम्प्रेसर सोडता येणार नव्हता. वर गॅलरीत गेजवाल्या बाई सकाळचा आकडा घ्यायला आल्या होत्या. दाजीने त्यांना हाक मारली. त्या पदर खोचून शिडी उतरून आल्या, वयाच्या मानाने फार भराभर. दाजीने स्वतःच्या कमरेला बांधलेल्या दुसऱ्या दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्या कानाशी वाकून हळू आवाजात म्हणाला, "एक झटका आला तर तो माझा नाही. मी ठीक असलो की पाच देईन. पाच. तीन आले तर ओढा. एकाला उत्तर द्यायचं नाही."

"कशाला देऊ?" बाई म्हणाल्या.

दाजी बेडकाचा दोर धरूनच खाली गेला. पाच मीटरवर उजेड हिरवा झाला, दहावर तपकिरी, पुढे काही नाही. कानात सुई जावी तसं दुखायला लागलं आणि मग काहीतरी फाटून आत गार पाणी आलं. डोकं गरगरलं. तो दोराला बिलगून राहिला, गरगर थांबेपर्यंत. मग हाताखाली हात टाकत पुढे निघाला.

अठरा मीटरवर त्याच्या हाताला खोड लागलं. जाळीत उभं अडकलेलं मोठं झाड होतं, आणि बेडकाचा दोर त्याला गुंडाळलेला होता. दाजीने चाचपून बघितलं. तीन वेढे. एकाला एक लागून, घट्ट, आणि शेवटचा वेढा आधीच्याखाली दाबून घेतलेला. पाण्याने दोर गुंततो तेव्हा त्याचा गुंता होतो. हा गुंता नव्हता. बोट धक्क्याला बांधताना खलाशी असा वेढा घेतो. दाजीने जन्मभर दोर हाताळला होता. अंधारात, एक कान ठणकत असताना, त्याला एवढं समजलं की ज्याने हे केलंय त्याचा हात चांगला आहे. आणि मग समजलं की या वेढ्याच्या खालून बेडकाने कितीही झटके दिले असते तरी वर एकही पोचला नसता. वर येत होतं ते या झाडापासून येत होतं. तो आत्ता जिथे होता तिथून.

त्याने भोवती हात फिरवून बघितला नाही. हे त्याने पुढे बायकोला कबूल केलं. "बघायला हवं होतं का?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "मुळीच नाही."

वेढे सोडवायला त्याला वेळ लागला, कारण बोटं ऐकत नव्हती. शेवटचा वेढा सुटला तसा दोर जिवंत झाला. खालून झटके यायला लागले, चार, पाच, सात, न थांबता, वेडेवाकडे. हा बेडूक होता. दाजीने वर पाच झटके दिले आणि खाली गेला.

बेडकाचा पाय घोट्यापाशी एका ओंडक्याखाली सापडला होता, ओंडका आणि जाळीचे गज यांच्यामध्ये, आणि हवेची नळीही त्याच ओंडक्याखाली दबली होती. हवा येत होती एवढंच नशीब. दाजीचा हात खांद्याला लागला तेव्हा बेडकाने तो असा धरला की त्या बोटांचे वळ आठवडाभर राहिले. पहार जवळच पडली होती. दाजीने ती गजांच्या फटीत घालून अंगाचं सगळं वजन टाकलं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा ओंडका गुरगुरला आणि बोटभर उचलला गेला, आणि बेडकाने पाय ओढून घेतला. दाजीने परत पाच दिले, मग तीन.

ते वर आले. अंगावरचा पाण्याचा दाब हळूहळू उतरावा म्हणून वर येताना जिथे थांबायचं असतं तिथे थांबले, एकमेकांना धरून. तराफ्यावर आल्यावर बेडूक पालथा पडून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने तोंड वळवलं.

"दाजी, मी किती वेळ झटके देत होतो."

"कधीपासून?"

"पोचल्यावर दोन-तीन मिनिटांत ओंडका घसरला. तेव्हापासून. हात दुखले माझे. मला वाटलं तुम्ही झोपलात." तो थोडा वेळ श्वास घेत राहिला. "मग माझ्या मनात आलं, तुम्ही मुद्दामच काही करत नाही. तिथे काहीही मनात येतं."

दाजीने त्याच्या ओल्या केसांवर हात ठेवला.

गेजवाल्या बाई म्हणाल्या, "मला पाच दोनदा आले. आणि मधे सतत एकेक येत होता. किती ते मोजले नाहीत. तुम्ही उतरल्यापासून तो चालूच होता. मी दोर नुसता धरून बसले होते."

"मी एक झटका एकदाही दिला नाही," दाजी म्हणाला.

"ते माहीत आहे मला."

हवावाल्याने कॉम्प्रेसर बंद केला. एकदम शांत झालं. धरणाचं पाणी चकचकीत, सपाट, भर दुपारचं. दोन्ही जिवाचे दोर वर आले होते, तराफ्यावर ओले पडले होते. पाण्यात उरला होता फक्त उतरायचा दोर, शिसं लावलेला. तो लाकडी खुंटाला बांधलेला होता आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

तो एकदा ताणला आणि सैल झाला. मग परत. चौघंही बघत होते. दाजीला मोजायचं नव्हतं, पण मोजलं गेलं. तीन. चार. पाच. मग दोर स्थिर झाला, उत्तराची वाट बघत असल्यासारखा.

"आता याला काय सांगायचं?" हवावाला म्हणाला. त्या चार दिवसांत त्याने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "कुणी हात लावू नका."

पण तो दोर तिथे ठेवून कुणालाच जाववलं नसतं. दाजीने कमरेची सुरी काढली, दोराला हात न लावता खुंटापाशी पातं टेकवलं आणि कापला. शिशाच्या वजनाने दोर खाली जाणारच होता. तो सपकन जायला हवा होता. तो थांबत थांबत गेला. एक हात, मग थोडी उसंत, मग एक हात.

संध्याकाळी साहेब दवाखान्यात आला. तरुण होता, माणूस वाईट नव्हता. बेडकाचा घोटा प्लॅस्टरमध्ये होता आणि दाजीच्या कानात कापूस. दाजीने त्याला वेढ्यांपर्यंत सगळं सांगितलं, उतरायच्या दोराचं सोडून. साहेबाने ऐकून घेतलं, लिहायला कागद काढला आणि मग पेन तसंच हातात धरून बसला.

"दाजी, हे मी कसं लिहू?"

"दोर लाकडात अडकला असं लिहा. खोटं नाही ते."

साहेबाने तसं लिहिलं. दुसरा पाणबुडा नसताना उतरवलं, हेही लिहिलं, आणि त्याबद्दल त्याला वरून बोलणीही खावी लागली. जाळीचं उरलेलं काम मोठ्या यारीला लोखंडी पंजा लावून वरूनच केलं गेलं. कालव्याचं पाणी आठ दिवस उशिरा सुटलं. खालच्या गावांत थोडी आरडाओरड झाली, मग रानं भिजली आणि लोक विसरले. गेजवाल्या बाईंची साहेबाने बदली करायची तयारी दाखवली, तर त्या म्हणाल्या, माझी निवृत्ती तीन वर्षांवर आहे, कशाला उगाच.

बेडूक दीड महिना दाजीच्याच घरी राहिला. ताईच्या हातचं खाऊन जाड झाला. दाजीचा उजवा कान कायमचा गेला. आता बायको त्या बाजूला बसून टोमणे मारते आणि म्हणते, ऐकू आलं नाही ना, मग बरंय. पण सुरुवातीला ती हसत नव्हती. एकदा भांडी लावता लावता तिने विचारलं, "खरं सांगा. अजून किती वेळ तुम्ही तसेच बसला असता?"

दाजीने विचार केला. तिला खोटं सांगायची त्याला सवय नव्हती. "त्या खालच्याने विचारायच्या आधीच उत्तर दिलं नसतं," तो म्हणाला, "तर अर्धा तास तरी. मला बरं वाटत होतं गं. इतकी वेळच्या वेळी उत्तरं मला कुणीच दिली नव्हती."

ती भांडी तशीच ठेवून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने आत आली आणि काम पुढे चालू केलं.

बेडूक वर्षभराने परत पाण्यात जायला लागला, दुसरीकडे, एका बंदरात, बोटींचे तळ घासायला. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. दाजी म्हणाला, मी येणार नाही. बायको म्हणाली, "तो जाणारच असेल तर वर तुम्हीच हवेत. दुसऱ्या कुणाला त्याची जांभई ओळखता यायची नाही." मग दाजी गेला. तिथे दोर कमरेला नुसता बांधायचा असतो, बोलणं सगळं फोनवर. दाजी धक्क्यावर पेटीवर बसतो, डाव्या कानाला फोन लावून. दर दोन मिनिटांनी विचारावंच लागतं, पण 'ठीक आहेस का' असं तो कधीच विचारत नाही.

"काल ताईने भाजी कशी केली होती?" तो विचारतो.

फोनमध्ये खरखर होते, बुडबुडे ऐकू येतात, बराच वेळ काही येत नाही.

"खारट," खालून आवाज येतो. "पण तिला सांगू नका."

दाजी घड्याळ बघतो आणि पुढचा प्रश्न शोधायला लागतो.